ईएन १७८९ आणि व्हॅनवरची रुग्णवाहिका: गाडी निवडतानाच्या नोंदी

१४ एप्रिल: गरज

काम असे: दक्षिण गोव्यातल्या रुग्णालयातून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) व्हेंटिलेटरवरचा रुग्ण हलवण्यासाठी एक व्हॅन घ्यायची. १०८ सेवा राज्यात २००८पासून आहे. अपघाताच्या जागी धावणे हे तिचे काम, त्यात आपण पडत नाही. आपली गाडी रुग्णालय ते रुग्णालय.

देणगीच्या पत्रात एका ओळीची अट आहे: ‘गाडी युरोपियन सुरक्षा मानक पूर्ण करणारी असावी.’ नेमके काय पूर्ण करायचे हे ठरवल्याशिवाय कोटेशन मागवले तर प्रत्येक पुरवठादार ‘हो, आहे’ म्हणणार आणि आपल्याला नाही म्हणायला आधार उरणार नाही. म्हणून आधी मानक, मग गाडी.

सर्वांत लांबचा फेरा काणकोण ते बांबोळी धरला. सुमारे ६५ किमी, वाटेत करमल घाट, मडगावची गर्दी, झुआरी पूल. एरवी दीड तास, पावसाचा किंवा गर्दीचा दिवस असेल तर दोन. ऑक्सिजन आणि बॅटरीचे सगळे हिशेब या दोन तासांवर.

१६ एप्रिल: अक्षरांचा घोळ

युरोपचे मानक ईएन १७८९. पहिली आवृत्ती १९९९ची, पुढे २००७ आणि २०२०. रुग्णवाहिकेचे प्रकार त्यात असे: ए१ आणि ए२ म्हणजे साधी रुग्ण-वाहतूक, बी म्हणजे आणीबाणीची गाडी, सी म्हणजे फिरता अतिदक्षता कक्ष.

भारताची संहिता एआयएस १२५. तिच्यातही अक्षरेच, पण एक घर सरकलेली. ए म्हणजे प्रथम प्रतिसादाचे वाहन, बी रुग्ण-वाहतूक, सी बेसिक लाइफ सपोर्ट, डी ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट.

म्हणजे ‘टाइप सी आहे साहेब’ हे वाक्य युरोपियन अर्थाने अतिदक्षतेची गाडी, भारतीय अर्थाने बेसिक. आलेल्या पहिल्या दोन कोटेशनांत हाच गोंधळ आहे, आणि तो मुद्दाम केलेला आहे असे म्हणवत नाही. लिहिणाऱ्यालाच फरक ठाऊक नसावा. आपल्या मागणीपत्रात यापुढे दोन्ही लिहायचे: ‘एआयएस १२५ टाइप डी, आणि ईएन १७८९ टाइप सीच्या पुढील अटी’. नुसते अक्षर कुठेही नको.

एआयएस १२५मधून सूट नाही. गाडी गोव्यात नोंदवायची तर मान्यता भारतीय संहितेचीच लागणार. ईएन हे त्यावरचे वाढीव मागणे. याचा उलटा अर्थ लावून कोणी ‘युरोपियन आहे, म्हणून भारतीय मान्यतेची गरज नाही’ म्हणाला तर तिथेच थांबायचे.

२१ एप्रिल: तीन वाटा

पहिली वाट, तयार युरोपियन रुग्णवाहिका आयात करणे. स्प्रिंटर, डुकाटो, क्राफ्टर या व्हॅनवर तिकडे शेकड्याने गाड्या बांधल्या जातात, चाचणीचे कागद व्यवस्थित असतात. पण आयातीच्या अटीनुसार नव्या गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे हवे, स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, हेडलाइटचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला जुळणारा हवा. जर्मनी-इटलीतली गाडी याच पायरीवर गळते. ब्रिटन किंवा आयर्लंडसाठी बांधलेली चालू शकते, मात्र ब्रिटिश स्पीडोमीटर मैलांचा असतो, तो बदलून हवा.

आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही: सरकता दरवाजा. युरोप खंडात वाहतूक उजवीकडून, म्हणून फुटपाथच्या बाजूचा दरवाजा गाडीच्या उजव्या अंगाला. आपल्याकडे त्या दारातून उतरणारी परिचारिका थेट ट्रकसमोर. दरवाजा डावीकडेच हवा.

दुसरी वाट, देशी तयार रुग्णवाहिका. ट्रॅव्हलर आणि विंगर या दोन्ही व्हॅनवर रुग्णवाहिका मिळतात. सुटे भाग, मेकॅनिक, आरटीओ, सगळे सोपे.

तिसरी, देशी मान्यताप्राप्त टाइप डी गाडी घेऊन तिच्यात स्ट्रेचर, स्टँड, उपकरणांचे ब्रॅकेट हे ईएनप्रमाणे चाचणी झालेले बसवून घेणे. कल या वाटेकडे. मात्र यात एक खड्डा आहे आणि पुढच्या बहुतेक नोंदी त्याबद्दलच आहेत: सुटे भाग प्रमाणित असले म्हणजे ते ज्या पत्र्याला जोडले तो जोडही प्रमाणित, असे होत नाही.

२५ एप्रिल: दहा जी म्हणजे किती

ईएन १७८९मधली सगळ्यांत महत्त्वाची अट: रुग्णकक्षातली प्रत्येक वस्तू पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि उभ्या दिशेने १० जी झटक्यात जागेवर राहिली पाहिजे. सुटून उडता कामा नये, धारदार कडा उघड्या पडता कामा नयेत, आणि नंतर आतल्या माणसांना गाडीत नसलेल्या हत्यारांशिवाय बाहेर काढता आले पाहिजे.

१० जी म्हणजे वस्तूचे वजन त्या क्षणी दहापट. दोन किलोचा सिरिंज पंप वीस किलोचा. भरलेला बी टाइप ऑक्सिजन सिलिंडर (हे अक्षर सिलिंडरच्या मापाचे, गाडीच्या प्रकाराचे नव्हे) साधारण १५ किलोचा, तो दीडशेचा.

स्ट्रेचरचा हिशेब नीट मांडून ठेवतो, कारण वर्कशॉपमध्ये हाच पुन्हा पुन्हा दाखवावा लागणार.

रुग्ण ७५ किलो, स्ट्रेचर ४८, खालचा स्टँड ६२. एकूण १८५ किलो. दहापट म्हणजे १,८५० किलोचा ढकला, सुमारे १८ किलोन्यूटन. या सगळ्याचा गुरुत्वमध्य गाडीच्या तळापासून साधारण ५५ सेंमी वर.

समोरून धडक बसली तर स्टँड पुढच्या बोल्टांवर उलटू पाहतो आणि मागचे बोल्ट वर ओढले जातात. १८ गुणिले ०.५५ म्हणजे सुमारे १० किलोन्यूटन-मीटर. स्टँडची लांबी १.९ मीटर असल्याने मागच्या ओळीवर वरची ओढ ५ किलोन्यूटनच्या आसपास येते. फार नाही.

आता तोच ढकला बाजूने. स्टँडची रुंदी फक्त ४५ सेंमी. तेच १० भागिले ०.४५, म्हणजे एका बाजूच्या बोल्टांच्या ओळीवर सुमारे २२ किलोन्यूटन, सव्वादोन टन. समोरच्या धडकेची भीती सगळ्यांना वाटते, पण जोड उखडतो तो बाजूच्या धडकेत, जंक्शनवर.

बोल्ट तुटेल का? नाही. ८.८ दर्जाचा एम८ बोल्ट एकटा २१ किलोन्यूटनपर्यंत कायमचा न ताणता सोसतो, एम१० तर ३३. बाजूच्या ओळीत तीन बोल्ट असले तरी प्रत्येकावर जेमतेम ७. तुटतो तो पत्रा. व्हॅनचा तळ सुमारे एक मिमीचा, वर १२ मिमी प्लाय, खाली रुपयाएवढा वॉशर. झटका बसला की वॉशर पत्र्यातून आरपार येतो, बोल्ट अगदी शाबूत. म्हणून खालून मोठी पाठप्लेट हवी, किंवा बोल्ट आडव्या चॅनेलमध्ये हवा.

२ मे: कागद कसा वाचायचा

आतापर्यंत पाच पुरवठादारांचे ‘सर्टिफिकेट’ हाती आले. त्यांतली चार चाचणी-अहवाल नाहीतच.

पहिल्या प्रकारात पत्रशीर्षावर एक ओळ, ‘ईएन १७८९ प्रमाणे’. ही उत्पादकाची स्वतःची घोषणा. दुसऱ्या प्रकारात सीई चिन्ह, म्हणजे वस्तू युरोपच्या नियमांत बसते असे सांगणारी खूण. रुग्ण-स्ट्रेचर हे युरोपियन वैद्यकीय उपकरण नियमात सर्वांत खालच्या, पहिल्या वर्गात येते आणि त्या वर्गात सीई चिन्ह उत्पादक स्वतःच लावतो. त्यावरून दहा जी चाचणी झाली असे सिद्ध होत नाही. तिसऱ्या प्रकारात स्ट्रेचरचा अहवाल खरा आहे, ईएन १८६५चा, पण तो स्ट्रेचरचा. ते ज्या स्टँडला अडकते त्याचा भाग वेगळा, १८६५-५. स्टँडचा कागद मागितल्यावर फोनवर उत्तर आले, ‘साहेब, दोन्ही एकाच कंपनीचे आहेत ना.’ आहेत. तरी कागद वेगळाच लागतो.

खरा अहवाल ओळखायच्या खुणा: प्रयोगशाळेकडे आयएसओ १७०२५ची मान्यता आणि तिच्या व्याप्तीत हीच चाचणी; मानकाच्या आवृत्तीचे वर्ष; चाचणीत धरलेले वस्तुमान; गाडीचे मॉडेल, व्हीलबेस, छताची उंची; जोडाचे रेखाचित्र, बोल्टाचा माप-दर्जा, पाठप्लेटची जाडी; आधीचे आणि नंतरचे फोटो. शेवटचे दोन नसतील तर अहवालाचा आपल्याला उपयोग शून्य, कारण आपल्या गाडीतला जोड त्याच्याशी ताडून पाहता येत नाही.

मोनिटर आणि व्हेंटिलेटरबाबत वेगळी तपासणी. रुग्णालयातला खाटेजवळचा मोनिटर गाडीत चालत नाही, असे नुसते म्हणून भागत नाही. आयईसी ६०६०१-१-१२ हे आणीबाणी सेवेच्या वातावरणासाठीचे मानक त्याच्या कागदावर असले पाहिजे. व्हेंटिलेटरसाठी आयएसओ ८०६०१-२-८४. आणि उपकरणाबरोबर त्याचा भिंतीवरचा ब्रॅकेटही त्याच अहवालात हवा. बाजारातला ‘युनिव्हर्सल’ ब्रॅकेट घेऊ नये.

९ मे: उकाडा

युरोपच्या मानकात रुग्णकक्ष गरम करण्याची चाचणी उणे १० अंशांपासून सुरू होते. आपल्याकडे त्या हीटरचे काय करायचे? आपले दुखणे उलटे, आणि त्यात दमटपणा. म्हणून थंडाव्याची अट आपणच लिहिली.

अट: गाडी दुपारी १२ ते २ उन्हात, दारे बंद, इंजिन बंद. मग इंजिन सुरू करून एसी पूर्ण. स्ट्रेचरच्या डोक्याकडे, पायाकडे आणि परिचारिकेच्या सीटवर असे तीन थर्मामीटर. दर पाच मिनिटांनी नोंद. ३० मिनिटांत तिन्ही जागी २६ अंश किंवा खाली. इंजिन उभ्या गाडीच्या मंद गतीवर, कारण कॅज्युअल्टीच्या दारात गाडी तशीच उभी असते.

मागच्या कक्षाला स्वतंत्र बाष्पित्र (इव्हॅपोरेटर, एसीचा हवा गार करणारा भाग) हवे. ड्रायव्हरच्या डॅशबोर्डातून पाइप मागे नेलेला एसी नको. मागे हवा पोहोचते, गारवा नाही. छतातल्या डक्टला दमट हवेत बाहेरून पाणी सुटते आणि ते नेमके रुग्णाच्या तोंडावर ठिबकते. डक्टवर बंद-पेशी फोम आणि निचऱ्याची नळी दोन्ही बाजूंना, कारण घाटात गाडी तिरकी असते. भिंतीत काचलोकर घालू देऊ नये. ओल धरते, आतून पत्रा खाते, आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत ते काम लवकर होते.

हवा-बदल: उभ्या गाडीतही ताशी २० वेळा. कक्ष ३.१ गुणिले १.७५ गुणिले १.८५ मीटर, म्हणजे १० घनमीटर. पंखा तासाला किमान २०० घनमीटर हवा फेकणारा हवा, आणि तो आकडा जाळी-झडप बसवल्यानंतरचा.

रंगावर फार वेळ गेला. ईएनमध्ये पिवळा, आरएएल १०१६, सुचवलेला आहे. भारतीय संहितेत पांढरा. पांढराच.

१९ मे: वजन

कागदावर गाडी ३,५०० किलो एकूण क्षमतेची. ड्रायव्हर आणि भरलेली टाकी धरून मोकळी व्हॅन २,२६०. दुभाजक भिंत, अस्तर, फरशी, कपाटे ४१०. दुसरा एसी, पंखा, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, वायरिंग, दिवे १६५. स्ट्रेचर आणि स्टँड ११०. ऑक्सिजन, दोन बी टाइप आणि एक हातातला, पट्ट्या-रेग्युलेटरसह ४५. उपकरणे आणि पिशव्या ९५. दोन कर्मचारी, एक रुग्ण, एक नातेवाईक, प्रत्येकी ७५ धरून ३००.

बेरीज ३,३८५. शिल्लक ११५ किलो.

एक भरलेला डी टाइप सिलिंडर बसवला की साठ-सत्तर किलो गेले. रुग्ण १२० किलोचा आला की आणखी ४५. संपले. त्यामुळे ‘जागा आहे तर आणखी एक स्ट्रेचर टाकू’ या सूचनेला नकार. जागा आहे, वजन नाही.

एकूण वजनापेक्षाही ॲक्सलचे वजन महत्त्वाचे. काट्यावर आधी पुढची चाके, मग सगळी गाडी, वजा करून मागचे. ऑक्सिजन, बॅटरी, कपाटे एकाच अंगाला आली तर डावे-उजवे फरक पडतो. त्यासाठी एका बाजूची दोनच चाके काट्यावर घेऊन पाहायचे. पुढची चाके ओढणारी व्हॅन असेल तर तळ बुटका मिळतो, रुग्ण चढवणे सोपे. पण शेपटीकडे भार वाढला की पावसात करमलच्या चढावर पुढची चाके हलकी होऊन फिरू लागतात. मागची चाके ढकलणाऱ्या गाडीत हा त्रास नाही, मात्र तळ उंच.

धावेची अट मानकात आहे: भरलेली गाडी शून्यापासून ८० किमी वेगाला ३५ सेकंदांत. वाळूच्या ७५ किलोच्या गोण्या सीटवर आणि स्ट्रेचरवर पट्ट्याने बांधून, एसी चालू ठेवून पाहायचे.

२६ मे: चढवण्याचा कोन

स्ट्रेचर चढवण्याच्या उताराचा कोन ईएनप्रमाणे जास्तीत जास्त १६ अंश. तळ जमिनीपासून ७०० मिमी असेल तर १६ अंशांसाठी उताराची फळी २.५४ मीटर लांब लागते. एवढी फळी गाडीत राहणार कुठे? एका पुरवठादाराची फळी १.८ मीटरची, म्हणजे कोन जवळजवळ २३ अंश. दोन बारीक परिचारिका आणि ९० किलोचा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा.

निर्णय: फळी रद्द. पाय आपोआप दुमडणारे स्ट्रेचर आणि बाहेर सरकून झुकणारा स्टँड. स्ट्रेचरची क्षमता किमान १५० किलो. पट्ट्यांत खांद्यावरून येणारी जोडी असलीच पाहिजे. नुसत्या छाती-मांडीच्या पट्ट्यांत ब्रेक लागला की रुग्ण डोक्याच्या दिशेने सरकतो, कारण डोके पुढे असते.

कर्मचाऱ्यांच्या सीट: पुढे किंवा मागे तोंड करून, तीन-बिंदू पट्टा, डोक्याचा टेकू. आडवा लांब बाक नको. कोटेशनांत तो अजून येतोच आहे, कारण स्वस्त आहे आणि ‘नातेवाईक चार बसतात’.

५ जून: ऑक्सिजन

मानकाची किमान अट स्थिर साठा २,००० लिटर. मिनिटाला १५ लिटर काढले तर १३३ मिनिटे. आपला फेरा १२० मिनिटांचा. कागदावर पुरते, प्रत्यक्षात नाही. सिलिंडर पूर्ण रिकामा करत नाहीत, शिवाय गोमेकॉच्या दारात खाट मिळेपर्यंत थांबावे लागते.

बी टाइपचा हिशेब सोपा: पाण्याची क्षमता १० लिटर, गुणिले दाब. १५० बारला १,५०० लिटर, १०० बारला १,०००. दोन सिलिंडर म्हणजे ३,०००. आपोआप बदलणारा मॅनिफोल्ड, म्हणजे एक संपल्यावर दुसरा सुरू आणि भोंगा वाजतो. व्हेंटिलेटर टर्बाइनचा घ्यायचा. गॅसच्या दाबावर चालणारा स्वतः चालण्यासाठीही ऑक्सिजन पितो.

चुकणारी गोष्ट: भिंतीतले आउटलेट. युरोपियन किटमध्ये डिन (जर्मन) किंवा फ्रेंच पद्धतीचे येतात. आपल्या रुग्णालयाच्या नळ्यांचे प्रोब, म्हणजे आउटलेटमध्ये खुपसायची टोके, बीएस (ब्रिटिश मानक) पद्धतीचे. एकमेकांत जात नाहीत, आणि हे रात्री दोन वाजता कळते. मागणीपत्रात बीएस लिहिले.

सिलिंडरची पकड: वर-खाली दोन पट्टे, बुडाला कप. वेल्क्रो नको. कपाटाला बाहेर उघडणारी जाळी, गळती साचू नये म्हणून. जोडांना ग्रीस किंवा तेल लावायचे नाही, हे मेकॅनिकला वेगळे सांगावे लागते. हात त्याच सवयीचे असतात.

१२ जून: मृगाचा पाऊस, बरे झाले

नमुन्याची गाडी बघायची ती पावसात. तीन तास उघड्यावर उभी केली. छतावरच्या दिव्याच्या पट्टीखालून पाणी आत. कारण: भोके पाडल्यावर कडांना प्रायमर नाही, रबरी वॉशरऐवजी नुसते सिलिकॉन. बाहेरचे पाणी आत येते हा अर्धा त्रास. उरलेला अर्धा म्हणजे ते पाणी अस्तरामागे उतरून तळाच्या चॅनेलमध्ये साचते, जिथे स्टँडचे बोल्ट आहेत.

अट घातली: प्रत्येक भोकाची कड घासून, इपॉक्सी प्रायमर, मग पॉलियुरेथेन सीलंट. तळाच्या पोकळ्यांत मेण-फवारा. फरशी एकसंध, कडेला वर वळवलेली, घसरण कमी असलेली.

आतल्या कपड्या-फोमसाठी जळण्याचा वेग मिनिटाला १०० मिमीपेक्षा कमी, आयएसओ ३७९५ किंवा आपला आयएस १५०६१, दोन्हींपैकी एकाचा अहवाल चालेल. प्लायलाही ही अट लागू आहे, ते सगळे विसरतात.

२४ जून: वीज

भार मांडला: व्हेंटिलेटर १००, मोनिटर ५०, चार सिरिंज पंप ६०, दिवे ४०, पंखा ६०, सक्शन मधूनमधून. सरासरी ३५० वॅट. इन्व्हर्टरचा अपव्यय धरून १२ व्होल्टवर ३४ अँपिअर. १०० अँपिअर-तासांची एजीएम बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे ५०. जवळपास दीड तास. उन्हात एक धरावा.

इंजिन चालू असताना ही बॅटरी भरते असे सगळे गृहीत धरतात. बीएस६ गाड्यांत अल्टरनेटर हुशार असतो, इंधन वाचवण्यासाठी तो व्होल्टेज खाली आणतो. जुन्या पद्धतीचा व्होल्टेज-रिले मग सुटतो आणि मागची बॅटरी दिवसभर फिरूनही अर्धीच. इलाज: डीसी-डीसी चार्जर, किमान ४० अँपिअरचा. भारच ३४चा असल्याने ३०चा चार्जर घेऊन उपयोग नाही.

उभ्या गाडीला बाहेरून २३० व्होल्ट. प्लग जोडलेला असताना इंजिन सुरू होता कामा नये, ही मानकाचीच अट. ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर. प्लगची जागा ड्रायव्हरच्या दाराजवळ, म्हणजे तो बघितल्याशिवाय आत बसता येत नाही. ज्या सॉकेटला जोडणार त्याचे अर्थिंग आधी तपासायचे. जुन्या इमारतींत तिसरे भोक नुसते शोभेचे असते.

उजेड स्ट्रेचरवर ३०० लक्स. मीटर उशीवर ठेवून मोजायचा, दिव्याखाली धरून नव्हे.

३ जुलै: फेरीबोट आणि वाडे

दिवाडी, चोडणला कधी जावे लागेल म्हणून ओहोटीच्या वेळी फेरीच्या उतरणीचा कोन पाहिला. गाडीची मागची पायरी जमिनीपासून ३०० मिमी आणि मागच्या चाकापासून १,५०० मिमी मागे. सुटण्याचा कोन, म्हणजे मागचे टोक न घासता जेवढ्या उतारावरून गाडी सुटते तो, ११ अंश. धक्क्यावर पायरी घासणारच. पायरी वर दुमडली तर सर्वांत खालचा भाग ४८० मिमीवर जातो, कोन पावणेअठरा. म्हणून दुमडती पायरी, आणि ती उघडी असेल तर डॅशबोर्डवर दिवा.

लांबी: स्प्रिंटरचे उदाहरण घेतले तर मधली ५.९३ मीटर, लांब ६.९७. रुंदी आरशांशिवाय २.०२. चिऱ्यांच्या कुंपणांतून जाणाऱ्या वाड्यावरच्या रस्त्याला तो एक मीटर फार. सहा मीटरच्या आतली गाडी ठरली.

१८ जुलै: आरशातली गाडी

तिसरी वाट नक्की. ऑर्डर देण्याआधी एक पेच उरला. स्टँड-कपाटांचा जो अहवाल स्वीकारला तो डाव्या स्टिअरिंगच्या गाडीतला: दरवाजा उजवीकडे, कपाटे डावीकडे. आपल्या गाडीत सगळे उलटे, आरशात पाहिल्यासारखे. डावी-उजवी दोन्ही दिशांची चाचणी झालेली असल्याने तत्त्वतः हरकत नाही. पण आपल्या व्हॅनचे आडवे चॅनेल त्या व्हॅनच्या जागी नाहीत. बांधणीकाराकडून लेखी घेतले: प्रत्येक बोल्टाखाली अहवालातल्याच मापाची प्लेट, आणि प्लेट किमान एका चॅनेलला जोडलेली. इंधनाची टाकी आणि सायलेन्सर जिथे आडवे येतात तिथे स्टँड सरकवायचा, प्लेट कापायची नाही.

मान्य केलेली तडजोडही लिहून ठेवतो: या गाडीला ‘ईएन १७८९ प्रमाणित’ म्हणता येणार नाही, कारण ही पूर्ण गाडी म्हणून चाचणीला गेलेली नाही. ‘एआयएस १२५ टाइप डी, ईएनप्रमाणे चाचणी झालेल्या जोडण्यांसह’ एवढेच खरे. गाडीवर तेवढेच लिहायचे. देणगीदारांना हे पत्राने कळवले, त्यांची लेखी मान्यता आल्यावर ऑर्डर.

२२ ऑगस्ट: अर्धवट गाडीची तपासणी

फरशी चिकटवण्यापूर्वी पाहणी, हे करारात होते. नंतर काहीच दिसत नाही.

सापडले: सहापैकी दोन बोल्टांखाली प्लेट नाही, ३० मिमीचे वॉशर. वर्कशॉपमध्ये उत्तर, ‘हलवून बघा ना, इंचभर हलत नाही.’ हलणार नाहीच, हाताचा जोर २२ किलोन्यूटन नसतो. २५ एप्रिलचा हिशेब पाटीवर मांडून दाखवला. प्लेटा १०० गुणिले १०० गुणिले ५ मिमीच्या, अहवालाप्रमाणे, त्यांच्यासमोर बसवून घेतल्या. नायलॉक नट, टॉर्क स्टँडच्या मॅन्युअलप्रमाणे, प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ.

ब्रेकच्या नळीपासून ओढलेली एक वायर सायलेन्सरला लागत होती. वळवली. ऑक्सिजनची तांब्याची नळी आणि विजेची वायर एकाच नाळेत होती, वेगळी केली.

सगळे फोटो, मोजपट्टी चौकटीत ठेवून.

१९ सप्टेंबर: ताबा

वजनकाट्यावर रिकामी आणि भरलेली, दोन्ही पावत्या फाइलला. भरलेली ३,४१०, ठरल्यापेक्षा २५ जास्त. फरक कपाटांच्या दारांत निघाला. चालेल.

ऑक्सिजनची गळती-चाचणी: मॅनिफोल्ड बंद करून दाब नोंदवला, रात्रभर ठेवला, सकाळी काटा तिथेच. धाव ३५ सेकंदांच्या आत. इंजिन-प्लगचा अडसर काम करतो. लक्स पायाकडे कमी पडला, एक दिवा वाढवून घेतला. थंडाव्याची चाचणी ढगाळ दिवशी झाली म्हणून ग्राह्य धरली नाही; ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा, आणि तोपर्यंत शेवटचा हप्ता रोखलेला.

उरलेले: मागच्या पायरीचा स्विच पाण्याने अडकतो, बदलून घेणे. बीएस प्रोबची एक जादा नळी. १,००० किमीनंतर गाडी पिटावर घेऊन बोल्टांवरच्या पिवळ्या रेघा जुळतात का ते पाहणे, डावी ओळ आधी.